काहिलीतलं व्हिएतनाम

"तुम्ही म्हणाल तसं, विहीणबाई."

हा आवाज मी ऐकला तेव्हा माझी पाठ आईकडे होती. लग्नघराच्या मागच्या खोलीत मी पाटावर बसले होते, आई माझ्या मागं. तिच्या बोटांना खोबरेल तेल, अन् माझी वेणी निम्म्यावर आलेली. तेवढ्यात मुलाकडच्या बायका आत आल्या. सगळ्यांच्या पुढं माझी होणारी सासू. ती म्हणाली, "राहू द्या, राहू द्या. नवरीचा साज आमचा, तशी वेणीही आमच्याच करवलीच्या हातची. आमच्यात तशी रीत आहे."

आईनं रीत विचारली नाही, पात विचारली नाही. म्हणाली ती एवढंच. आणि माझ्या केसांवरून दोन हात उठले. राखणदार आला की जोंधळ्यावरनं पाखरं उठतात तसे.

बाहेर मांडवात आमच्या बायका गात होत्या,

विहीण बसली पाटावर, पाट म्हणे मी वाकलो
सागाचा गं होतो तरी, मानाखाली दाटलो

आत्ती वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. नाव सत्यभामा. ती वाईट नव्हती, नुसती मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली तरी घंटा तिच्या अंगातून निवृत्त झाली नव्हती. सकाळी म्हशींची धार काढायला मी गोठ्यात गेले की ती ओसरीवर उभी राही, आणि म्हशीसुद्धा रांगेत उभ्या राहत.

माझं माहेर आटपाडीकडचं, माणदेशातलं. तिथं टँकर आला की मुलं वरातीसारखी त्याच्या मागं पळतात. सासर कृष्णाकाठी, पलूसजवळ, तिथं पाणी घरात शिरू नये म्हणून लोक देव पाण्यात घालतात. आईनं मला पाण्यात दिली याचा तिला कोण आनंद. पण पाण्यात दिलेली लेक वर काही येत नाही. दिवाळीला दादा मला न्यायला मुराळी होऊन यायचा, ओसरीवर चहा प्यायचा, आणि आत्ती म्हणायची, "आता म्हशी विणार आहेत. पोरांच्या परीक्षा आहेत. पुढच्या खेपेला पाठवू की." दादा फोन लावून आईच्या कानावर घालायचा. फोनमधून उत्तर यायचं ते आम्हाला सगळ्यांना पाठ होतं.

मुलीच्या आईनं काही मागायचं नसतं. मागितलं तर ते मुलीच्या ताटात पडतं, असं आई मानत होती.

दादाचं केरळात गलाईचं दुकान. जुनं सोनं-चांदी वितळवून चोख करायचं काम. आमच्या भागातली निम्मी माणसं त्याच भट्टीच्या उजेडात देशभर पांगलीत. तिकडून त्यानं एकदा एक कॅलेंडर आणलं होतं. त्यातलं एक पान आईनं पुढं कधी उलटलंच नाही. वर्ष सरलं, दुसरं आलं, आमच्या माहेरच्या सोप्यात नोव्हेंबरच राहिला. चित्रात हिरवंगार पाणी, त्यात भाताच्या मुदी वाढाव्यात तसे उभे डोंगर, आणि मधोमध एक लांबट नाव. नावेत टोकदार टोपी घातलेली एक बाई मागं रेलून बसलेली. ती पायांनी वल्ही मारत होती. खरोखर पायांनी. हात मांडीत.

एकदा मी दुपारपुरती माहेरी गेले होते, तेव्हा आई त्याच्यासमोर जोंधळा पाखडत उभी होती.

"बघ की," ती म्हणाली, "पायानं वल्हवतीया. हात रिकामं हायती."

"मग?"

"मग काय. रिकाम्या हातानं बाई काय काय करंल." आणि सूप आपटून ती आपल्याशीच गुणगुणली,

पाण्याच्या पल्याड गं, लेकीचा माझ्या गाव
कुण्या राजाच्या दारी मी, उसनी मागू नाव

चित्राखाली देशाचं नाव होतं. आईला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, पण मी त्या दुपारी ते वाचलं नाही.

पुढं काही वर्षांनी दादाच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं दिवाळीला सोडत काढली आणि त्यात दादाला दोन माणसांची सहल लागली. व्हिएतनामची. सहलीचं नावच 'सावकाश सहल'. घाई नाही, दगदग नाही. दादा भट्टी सोडून हलू शकत नव्हता. त्यानं फोन केला, "आई, तू जा. तुझ्या त्या चित्रातलंच गाव आहे. सोबतीला तुला पाहिजे त्याला घेऊन जा."

आणि चार दिवसांनी आई आमच्या ओसरीवर हजर. नवं लुगडं, हातात पेढ्यांचा पुडा, कपाळावर घाम. मी पाणी दिलं तर ते हातातच धरून बसली. आत्ती समोर खुर्चीवर.

"काय विहीणबाई, न कळवता?"

"आले. जरा इचारायचं हुतं." आईनं तांब्याकडं बघत सुरुवात केली. "लेकाला सहल लागलीया. लांबची हाय. इमानाची. दोन माणसांची. तर म्हटलं, सोबतीला कुणी पायजे... तर तुमाला इचारावं, की..."

एवढं म्हणून तिनं श्वास घेतला. तो श्वासच नडला.

"अहो येते की!" आत्ती म्हणाली.

आईनं तांब्या दोन्ही हातांनी धरला.

"तुम्ही एवढी वाट तुडवत मानानं बोलवायला आलात, आणि मी नाही म्हणू? मुलीकडच्यांनी प्रथम मुलाकडच्यांना पुसलं, याला म्हणतात वळण. शैला, ऐकलंस? तुझ्या आईकडून शिक. पेढे आत ने."

आई तांब्यात बघत होती. आत काय दिसलं कुणास ठाऊक. मग तिनं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, विहीणबाई."

तेव्हापासून आमच्या घरात व्हिएतनाम सुरू झालं.

सांगलीचा एक सहलवाला सगळं समजावायला घरी आला. बोरगावे म्हणून पोरगेला गृहस्थ. घामेजलेला, गोड बोलणारा. आईलाही त्यासाठी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यानं लॅपटॉप उघडून चित्रं दाखवली आणि मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, ही एकदम निवांत सहल आहे. एक दिवस नावेतून डोंगर बघायचे. एक दिवस भातखाचरांच्या कडेनं चालायचं, दमलं की बसायचं. एक दिवस तर काहीच नाही. नदीकाठी कॉफी प्यायची आणि नुसतं बसून राहायचं."

"नुसतं?" आत्ती म्हणाली.

"हो. लोक त्यासाठीच तर जातात."

"इथं काय बसता येत नाही? माझी विहीण जन्मात पहिल्यांदा कुठं निघाली आहे. तिला नेऊन नुसतं बसवलं, तर परत आल्यावर गावात काय सांगेल? मुलाकडच्या विहिणीनं मला ओट्यावर बसवून ठेवलं?" ती आईकडं वळली. "देवळं बघायची ना, विहीणबाई?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"आणि ती युद्धातली भुयारं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"ती भुयारं फार अरुंद आहेत हो," बोरगावे घाबरून म्हणाला. "रांगत जावं लागतं."

"रांगू. त्यांची इच्छा आहे तर रांगू."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून उभी. तिच्या डोळ्यांत काहीतरी होतं, पण ते पदरानं पुसण्याइतकंच होतं, बोलण्याइतकं नव्हतं.

अशी त्या सावकाश सहलीत पहाटेची प्रार्थना आली, दोन बाजार आले, एक कापडाचा कारखाना आला, बाहुल्यांचा खेळ आला. आत्तीनं सगळं शाळेच्या वेळापत्रकासारखं बांधून दिलं. मधली सुट्टी तेवढी होती. तीत कॉफी.

मग बोरगावेनं नावेचं चित्र दाखवलं. तेच हिरवं पाणी, तेच डोंगर. आई खुर्चीतून पुढं सरकली. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"ह्यात दोघी बसणार," तो म्हणाला. "एक पुढं, एक मागं. आणि नावाडीण सगळ्यात मागं."

"पुढं कोण?" आत्तीनं विचारलं.

"कुणीही."

"कुणीही म्हणजे?"

बिचाऱ्याला काय ठाऊक, आमच्यात 'कुणीही' नावाची जागा नसते. पंगतीत नसते, जीपमध्ये नसते, मग नावेत कुठली असणार?

"पुढं विहीणबाई," आई झटकन म्हणाली. "मुलाकडच्या हायती. मान त्यांचा."

"छे छे! तुम्ही पुढं," आत्ती त्याहून झटकन. "बोलावणं तुमचं."

"न्हाई हो, तुम्ही."

"मी सांगते ना, तुम्ही."

"असं कसं, तुम्ही."

बोरगावेनं फोन काढून तिकडच्या माणसाला लावला. बराच वेळ इंग्रजीत बोलला. मग म्हणाला, "तो विचारतोय, काय अडचण आहे?"

"त्याला सांगा, आम्ही विहिणी आहोत," आत्ती म्हणाली.

त्याला काय आणि कसं सांगितलं देव जाणे. पण फोन पलीकडून ठेवला गेला.

अडचणी पुढंच होत्या. एकदा आत्तीच्या लक्षात आलं की विहिणीला मूळ गेल्याशिवाय ती दुसऱ्याच्या कार्याला जात नाही. मूळ म्हणजे मानानं न्यायला येणं. सहल आईच्या नावाची, म्हणजे मूळ आईनं आणायचं. मग पुन्हा आटपाडीहून आई आली. खण, नारळ, शिदोरी. आत्तीची ओटी भरली आणि म्हणाली, "व्हिएतनामाला यायचं करावं." आत्तीनं पदर पसरून ते घेतलं आणि परतफेडीला आईची ओटी भरली, "निघायचं करावं." सबंध गल्ली बघायला जमली होती. शेजारच्या काकू मला हळूच विचारत होत्या, "लग्न कुणाचं गं?"

नारळांचं वेगळंच. "ती नावाडीण बाईमाणूस," आत्ती म्हणाली, "तिची ओटी भरायला हवी. तिथं हॉटेलात झाडलोट करणाऱ्या असतील. विमानातल्या मुली असतील. विमानातल्या मुलींची ओटी रिकामी कशी ठेवायची?"

"आत्ती, तिकडं नारळ मुबलक पिकतात," मी म्हणाले.

"पिकू देत. त्यांच्या नारळानं त्यांची ओटी भरायची, म्हणजे त्यांच्याच घरातलं उचलून त्यांनाच दिल्यासारखं."

माझा नवरा रणजित एरवी आईपुढं बोलत नाही, पण तो म्हणाला, "विमान उडायचं नाही, आई." त्यावर ती म्हणाली, "न उडायला काय झालं? मी वजनं करूनच भरतेय."

आणखी एक संध्याकाळ काड्यांनी जेवायच्या सरावाची. आत्तीनं लोकरीच्या सुया आणल्या, ताटात शेवया वाढल्या. पहिला घास तिच्या चष्म्यावर गेला, दुसरा मांजराला मिळाला. आई समोर बसली, दोन काड्या चिमटीत धरल्या आणि एक एक शेवई अलगद तोंडात घालत राहिली. माणदेशात खुरप्याच्या टोकानं बारीक तण काढणारी बाई ती. पण आत्तीचं ताट रिकामं होत नाही हे दिसल्यावर तिनं मुद्दाम एक शेवई खाली पाडली. मग दुसरी. मग सगळ्याच पाडल्या. दोघी उपाशीच उठल्या. मी मागून गरम भाकरी टाकल्या, तर दोघी एकमेकींना म्हणतायत, "तुम्ही घ्या आधी."

त्या दिवसांत मला एकच धास्ती होती. माझी आई जाणार त्या नावेत. ज्या चित्रापुढं तिनं आयुष्यातला सगळा नोव्हेंबर घालवला, त्या चित्रात ती खरोखरच जाऊन बसणार. आणि तिथंही ती दुसऱ्याचं तोंड बघत बसेल. पुढं बसू का, मागं बसू का, हसू का, बघू का. तिला काय हवं होतं, ते तिनं एकदा तरी म्हणावं असं मला वाटत होतं. एकदा गोठ्यात मी विचारलंही.

"आई, तुला खरंच जायचंय ना?"

"जायचं हाय की."

"आत्तीबरोबर?"

ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तुझ्या म्हशी लई गुणाच्या हायती," म्हणाली. आणि पदरानं माझ्या कानामागची सुटलेली बट आत खोचून गेली.

निघायला महिना राहिला तेव्हा बोरगावेचा फोन आला. सहलीत अजून एक गंमत वाढली होती. तिथं एका गावी बांबूच्या गोल टोपल्यांच्या नावा असतात, त्यात बसवून गरागरा फिरवतात.

"गोल?" आत्ती म्हणाली. "म्हणजे काहीलच की आमची!"

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची भलीमोठी लोखंडी कढई. आमचं गुऱ्हाळ केव्हाच बंद पडलं, पण काहील रानात पालथी होती. पुराच्या वर्षी गावानं त्याच काहिलीतून माणसं, शेरडं, एकदा तर नवी कोरी शिलाई मशीन बाहेर काढली होती. आमच्या भागात कोण पोहायला शिको न शिको, काहिलीत बसायला शिकतो.

"विहीणबाई माणदेशातल्या. त्यांनी पाणी पखालीतनं बघितलेलं," आत्तीनं जाहीर केलं. "तिकडं परक्या मुलखात घाबरल्या तर मुलाकडच्यांनी काय केलं, असं होईल. त्यांना सराव द्यायचा. मी आहे कृष्णाकाठची. काहिलीतच वाढलेय."

मग एका सकाळी आमच्या शेततळ्यावर व्हिएतनाम भरलं. रणजितनं ट्रॅक्टरनं काहील आणून पाण्यात सोडली, कडीला दोर बांधून दोराचं टोक स्वतः धरलं. तळ्यात पाणी कमरेएवढं, फार तर छातीएवढं. वल्हं म्हणून मला दोन फावडी दिली.

"शैला, तू नावाडीण," आत्ती म्हणाली. "पायानं वल्हवून बघ. तसंच असतं तिकडं."

आम्ही तिघी काहिलीत उतरलो, आणि मी तिच्या काठाला टेकून पाय वर केले. ती नऊवारीतली आई, ही पदर खोचलेली आत्ती, मधे तिच्या आग्रहानं घेतलेला एक नारळ, आणि मी आभाळाकडं पाय करून दोन फावडी तळव्यांत धरलेली. बांधावरून जाणारा एक म्हातारा थांबला, दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि काही न विचारता पुढं गेला.

तरी दोघी खाली बसेनात. वाकून उभ्या.

"बसा की," मी म्हणाले.

"आधी विहीणबाई पुढं बसू देत," आई म्हणाली.

"नाही, पुढं त्या," आत्ती म्हणाली. तिनं काठ इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"पण पुढची बाजू कुठली?" आईनं विचारलं.

दोघी काहिलीकडं बघत राहिल्या. काठावरून रणजित ओरडला, "अगं, काहिलीला पुढं-मागं नसतं! गोल आहे ती!"

"गोल म्हणजे?" आत्ती म्हणाली. "मग मान बसायचा कुठं?"

शेवटी काहीलच कंटाळली. तिनं अंग झाडलं, तशा दोघी धपकन खाली बसल्या. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. एक फावडं माझ्या पायातून निसटून पाण्यात गेलं. राहिलेल्या एका फावड्यानं मी एका बाजूनं पाणी मारलं, आणि काहील फिरायला लागली.

पहिल्यांदा हळू. मग गरागरा. रणजित दोर ओढेल तसा दोर काहिलीला गुंडाळत होता, आणि काहील आणखी फिरत होती. रणजित, बांध, शेवग्याचं झाड, रणजित, बांध, शेवग्याचं झाड. नारळ आमच्या तिघींच्या मधून सूर्यासारखा फिरत होता.

"थांबव! शैला, थांबव!" आत्ती किंचाळली. तिचे डोळे गच्च मिटलेले. तिनं समोर हात टाकला आणि सापडला तो हात धरला. तो आईचा होता.

आई घाबरली की गाते. म्हणजे गात नाही, ओवी तिच्या तोंडून आपली सुटते, जात्यातून पीठ सुटावं तशी. तशी ती सुटली,

पाण्याच्या पल्याड गं, लेकीचा माझ्या गाव...

"विहीणबाई," आत्ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "मला येववत नाही हो."

आईची ओवी थांबली.

"कुठं?"

"तिकडं. व्हिएतनामला. मला पाण्याची फार भीती वाटते. पुरात मला याच काहिलीतून नेलं होतं. तोंडात पदर कोंबून बसले होते मी. म्हणून मी पुढं बसत नव्हते. मान कसला त्यात!"

रणजित, बांध, शेवग्याचं झाड.

"मग हो कशापायी म्हटलं?"

"तुम्ही मानानं बोलवायला आलात. नाही म्हटलं असतं तर तुमचा अपमान झाला असता. मुलीकडचा माणूस विन्मुख पाठवू? मी तर म्हटलं, तुमचीच हौस. भुयारं तुमच्यासाठीच घेतली. गुडघे माझे काय रांगायचे राहिलेत?" आत्तीनं एक डोळा उघडला आणि फिरतं जग बघून पुन्हा मिटला. "तुम्हीच का बोलावलंत मला?"

"म्या कुठं बोलावलं?"

"म्हणजे?"

"म्या इचारायला आलते."

"काय विचारायला?"

काहील आता मंदावली होती. आईचं तोंड माझ्यासमोरून गेलं, मग बांधासमोरून, मग पुन्हा माझ्यासमोर आलं. नुसतीच कढई, ना तिला पुढं ना मागं, ना मुलाकडचं टोक ना मुलीकडचं. आईनं आत्तीचा हात सोडला नाही. उलट दुसरा हातही त्यावर ठेवला. आणि सोप्यातल्या चित्राकडं बघायची तशी, तिच्याकडं सरळ बघून म्हणाली,

"माझी लेक द्या मला. आठ दिस. मागारी आणून सोडती."

माझ्या पायातलं दुसरं फावडंही पाण्यात गेलं.

आत्तीनं दोन्ही डोळे उघडले. सवयीनं तिचे ओठ हलले. "म्हशी..." एवढंच निघालं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी पाय आभाळाकडं करून तशीच पडलेली, केस सुटून काहिलीच्या तळाच्या पाण्यात लोळत होते. ती बघत राहिली. काहिलीनं एक शेवटचा, आळसावलेला वळसा घेतला.

"तुम्ही म्हणाल तसं, विहीणबाई," आत्ती म्हणाली. त्या आवाजात घंटा नव्हती.

रणजितनं दोर आखडत आम्हाला काठाकडं ओढायला सुरुवात केली. काठ जवळ आला तशी आत्तीत पुन्हा शाळा भरली. तिनं पदर सावरला, नारळ उचलून मांडीत घेतला.

"भुयारं काढून टाकायला सांगते बोरगावेला. कारखानाही. आणि माझ्या जागी हिचं नाव घालायला. म्हशी मी बघेन, मला काय येत नाहीत का म्हशी?" ती म्हणाली. "पण त्या लांबड्या नावेत पुढं कोण बसणार, ते इथंच ठरवा. तिकडं गेल्यावर मायलेकींत तुम्ही-तुम्ही नको."

"ती पुढं," आई म्हणाली.

"आणि तुम्ही मागं? सहल तुमची, आणि तुम्ही मागं?"

"मला मागंच बसायचं हाय, विहीणबाई. ती बाई पायानं वल्हवंल. माझं हात रिकामं असतील." आईनं काहिलीच्या तळातून माझे ओले केस गोळा केले, पिळले, आणि मुठीत धरून ठेवले. "पोरीची येणी निम्मीच राहिलीया."